योसेमिटीत पोरांसोबत तंबूत राहायचंय? मग हे वाचून निघा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून चार-पाच तासांवर आहे म्हणून कॅलिफोर्नियातलं योसेमिटी नॅशनल पार्क बघून तर सगळेच येतात, पण पोरांना घेऊन तंबूत राहायचं म्हटलं की अर्धी मंडळी काढता पाय घेतात. खरं सांगू का, तंबू ठोकणं सोपंय, घाम काढतात त्या दोनच गोष्टी: जागा मिळवणं आणि आपला डबा अस्वलापासून सांभाळणं.

आधी बुकिंग. पहिल्या खेपेला पार्कच्या मधल्या दरीतलं, म्हणजे व्हॅलीतलं, अप्पर पाइन्स हे कॅम्पग्राउंड बरं, फ्लशचे टॉयलेट आहेत, प्यायचं पाणी आहे, फुकटची शटल जवळ. रेक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या वेबसाइटवर दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता एकेक महिन्याच्या तारखा उघडतात, त्याही पाच महिने आधीपर्यंतच्या, म्हणजे मे अखेरच्या लाँग वीकेंडसाठी १५ जानेवारीलाच कॉम्प्युटरसमोर बसायचं. आदल्या रात्री लॉगिन करून बघा, तीन-चार साइटचे, म्हणजे तंबूच्या जागांचे, नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण काही मिनिटांत सगळं संपतं. नाही मिळालं तर कॅन्सलेशनवर डोळा ठेवा. एका साइटवर सहाच माणसं, पोरंही त्यातच मोजतात, आणि ज्याच्या नावावर बुकिंग तो आयडी घेऊन हजर पाहिजे.

मग घरी एक तालीम करा. हॉलमध्ये तंबू लावा, पोरांना रात्रभर त्यात झोपवा, रडारड काय व्हायची ती घरीच होऊन जाऊदे.

सामानात गरम कपडे विसरू नका, व्हॅली ४००० फुटांवर आहे आणि जूनमध्येसुद्धा रात्री १० डिग्रीच्या आसपास उतरतं. साइटवर प्लग नसतो तेव्हा इंडक्शन घरीच ठेवा, दोन बर्नरचा गॅस स्टोव्ह आणि छोटा कुकर पुरतो. ठेपले, दशम्या, कोरडी चटणी असलं न्या, पहिल्या रात्री स्वयंपाक करायची ताकद कुणातच नसते. व्हॅलीत पेट्रोल पंप नाही, टाकी आधीच भरा.

आता अस्वल. इथली अस्वलं जातीने ‘काळी अस्वलं’, पण रंगाने बऱ्याचदा तपकिरी, आणि वास आला की गाडीचं दार उपसून काढतात. म्हणून प्रत्येक साइटवर लोखंडी लॉकर असतो, साधारण ३३ इंच खोल, ४५ रुंद आणि १८ उंच, तुमचा कूलर त्यात मावतो का ते घरीच टेपने मोजा. खाणं तर त्यात जातंच, पण टूथपेस्ट, सनस्क्रीन, बेबी वाइप्स, रिकामे डबे हेही जातं. आम्ही पहिल्या वर्षी सगळं नीट ठेवलं म्हणून निवांत बसलो होतो, तर रेंजरने, म्हणजे पार्कच्या रखवालदाराने, टॉर्च मारून गाडीतल्या कार सीटमधला लाडवाचा चुरा दाखवला! रात्री साडेनऊला सीट उचकटून झाडत बसलो. पोरं खूश.

दिवसभर फार प्लॅन नको. लोअर योसेमिटी फॉलचा एक मैलाचा फेरा छोट्यांनाही जमतो, फक्त मे-जूनमध्ये जा, सगळे टप्पे मिळून ७३९ मीटरचा हा योसेमिटी धबधबा ऑगस्टपर्यंत बहुतेक कोरडा पडतो. पण त्याच दिवसांत मर्सेड नदीत वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, बर्फासारखं गार आणि प्रचंड ओढ, तेव्हा काठावर पोरांचा हात सोडायचा नाही म्हणजे नाही. पोरांनी भरायची ज्युनिअर रेंजरची वही पहिल्याच दिवशी घ्या, ती पूर्ण केली की बॅज मिळतो, बॅजच्या लोभाने पोरं न कुरकुरता चालतात.

उन्हाळ्यात व्हॅलीत शेकोटी संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढीच, आणि लाकडं विकतच घ्यायची, आजूबाजूची काटकी उचलायची नाही. १० नंतर आवाज बंद. प्रत्येक पोराला स्वतःची टॉर्च द्या, रात्री दोन वाजता टॉयलेटला कोण नेणार यावरून नवरा-बायकोत भांडण होतंच, निदान उजेड तरी असेल.

दुपारी १२ ला साइट सोडायची असते. निघताना लॉकर उघडून आतल्या कोपऱ्यापर्यंत हात घाला, आमची लोणच्याची बरणी अजून तिथेच असेल कदाचित.