समोर पाणीच आहे की! बोटीवरून नेमबाजी करताना होणाऱ्या चुका

सुट्ट्या लागल्या की आमच्या रेंजवर एक ठरलेला प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक वेळा एखाद्या शिकाऊ पोराचा बाप असतो. गाडीत बॅगा भरून झालेल्या असतात, घाट कुठला धरायचा तेही ठरलेलं असतं, आणि जाता जाता तो दारातूनच विचारतो, "सर, मालवणला चाललोय चार दिवस. एअरगन घिऊन जातोय. होडीतनं बाटल्या मारल्या तर चालंल न्हवं? समोर दर्याच हाय, लागणार कुणाला?"

कोल्हापूरला नेमबाजीचं वेड जुनंच. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, आणि 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्य जिंकलं. त्यानंतर तर चौकशीला येणाऱ्या पालकांचा ओघ वाढला. घरात एअरगन आली म्हणजे ती सहलीला निघणारच. त्यामुळं या बापाला मी हसत नाही. उत्तर मात्र "नाही" असंच देतो. तो वाद घालतो, मीही घालतो. त्या वादात जी वाक्यं हमखास येतात, त्यातल्या प्रत्येकात एक चूक असते.

"समोर पाणीच आहे की"

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

रेंजवर नेमबाजी सुरक्षित असते ती नेमबाज शहाणा असतो म्हणून नव्हे. समोर भिंत असते म्हणून. नेम चुकला, ट्रिगर आधीच सुटला, पोरगं शिंकलं, काही झालं तरी छर्रा कुठं थांबणार हे आधीच ठरलेलं असतं. पाण्याबद्दल आपली समजूत अशी की गोळी त्यात बुडते, म्हणजे तीही भिंतच. वरून सरळ खाली मारली तर बुडते. बोटीतून मात्र कुणी सरळ खाली मारत नाही.

लहानपणी रंकाळ्यावर चपटी खापरी फेकून भाकऱ्या काढल्या असतीलच. खापरी जितकी आडवी जाईल तितक्या भाकऱ्या जास्त. गोळीचंही तेच. शिशाची गोल गोळी पाण्याला साधारण 5 अंशांपेक्षा कमी कोनात लागली, तर ती आत न जाता वर उसळते. पूर्वीचे आरमारी तोफची मुद्दाम तोफ खाली रोखायचे आणि गोळा पाण्यावरून टप्पे घेत समोरच्या जहाजात घालायचे. (गोलंदाज हा शब्द क्रिकेटच्या आधी त्यांचा होता.)

आता होडीतला हिशेब करा. बसल्या जागी बंदुकीची नळी पाण्यापासून दीडेक मीटर वर असते. बाटली 50 मीटरवर तरंगत असेल तर गोळी पाण्याला लागेल ती पावणेदोन अंशांच्या आसपास. 25 मीटरवर बाटली असली तरी साडेतीन अंशच. म्हणजे हौशी माणूस ज्या अंतरावर बाटली सोडतो, ते नेमकं भाकऱ्यांचं अंतर. बाटली चुकली की गोळी बुडत नाही, पुढं निघून जाते. उसळताना तिची दिशाही बदलते, आणि कुठल्या बाजूला ते तुमच्या हातात नसतं.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून एकदा रेंज रिकामी असताना आम्ही करून बघितलं. मीटरभर लांबीचा पत्र्याचा उथळ ट्रे काठोकाठ पाण्यानं भरून जमिनीवर ठेवला, मागं थोड्या अंतरावर कोरा पुठ्ठा उभा केला, त्यामागं नेहमीची छर्रा अडवणारी पत्र्याची पेटी. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे. झोपून, नळी जेमतेम जमिनीच्या वर धरून छर्रा पाण्यावर मारला. पाण्यावर बोटभर लांब पांढरी रेघ उठली आणि मागच्या पुठ्ठ्याला भोक पडलं. गोल नव्हे, लांबट, कुलपाच्या चावीच्या भोकासारखं, कारण छर्रा कोलांट्या घेत आला होता. शेजारी उभा असलेला बाप बराच वेळ त्या भोकात बोट घालून बघत होता. हा प्रयोग घरी गच्चीवर करू नका, हे वेगळं सांगायला नको.

"पलीकडं तर कुणीच दिसत नाही"

दिसत नाही हे खरं. होडीत बसलेल्या माणसाला क्षितिज दिसतं साडेचार किलोमीटरच्या आसपास, पण तिथपर्यंत जे जे आहे ते दिसतंच असं नाही. मीटरभर लाट असली की छोटी होडी दोन लाटांच्या मधल्या खळग्यात उतरते आणि गायब होते. जाळं ओढायला वाकलेला माणूस तर काठाच्या खालीच असतो. मालवणच्या किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड घालून स्नॉर्केलिंग करणारे पर्यटक असतात. त्यांचं वर काय दिसतं, तर एक नळी आणि ओलं डोकं. उन्हाच्या तिरिपीत ते तरंगत्या नारळासारखं दिसतं.

आता गोळी किती लांब जाते ते बघा. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा जोर संपत आला तरी दोन-अडीचशे मीटर सहज जातो. पॉइंट टू-टूची गोळी, म्हणजे स्वप्नील ज्या प्रकारात खेळला तिथली, वर रोखून सुटली तर दीड किलोमीटरच्याही पुढं जाते. नळीतून निघताना एअर रायफलच्या छर्ऱ्यात साधारण 8 ज्यूल ऊर्जा असते, पॉइंट टू-टूच्या गोळीत 140 च्या घरात. डोळा जायला छर्राही पुरतो.

समुद्रावर अंतर आणि माणूस ओळखण्यात शस्त्रं वापरायला शिकलेले लोकही चुकतात. फेब्रुवारी 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्याबाहेर एका इटालियन तेलवाहू जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार गेले. जहाजावरच्या सैनिकांना ते चाचे वाटले होते. नौदलाला समुद्रात गोळीबाराचा सराव करायचा असतो तेव्हा तो पट्टा, तारीख, वेळ आधी जाहीर होते. या भागातल्या जहाजांसाठी असे इशारे देण्याचं काम डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करतं. ज्यांच्याकडं रडार आहे ते इतकं करतात. आपल्याकडं काय असतं, तर एक पिंप बर्फ आणि मेव्हण्याची दुर्बीण.

"हलतंय थोडं, पण जमतंय"

जमत नाही. जमल्यासारखं वाटतं, कारण दहातली एक बाटली फुटते आणि तीच लक्षात राहते.

नळी एक अंश हलली की 10 मीटरवर छर्रा साडेसतरा सेंटिमीटर सरकतो. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्याच्याशी तुलनाच नको. होडी पाच अंश कलली, आणि एवढी ती माणूस उठून उभा राहिला तरी कलते, की 25 मीटरवर फरक दोन मीटरहून जास्त.

रेंजवर आम्ही हेही करून दाखवतो. ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब हवा भरून आडवी ठेवायची, वर फळी, फळीवर पोरगं. जे पोरगं जमिनीवर उभं राहून दहा छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतं, त्याचे ट्यूबवरचे दहा छर्रे जेवणाच्या ताटाखाली मावत नाहीत. त्याहून महत्त्वाचं काय घडतं ते बघायला मात्र त्याच्या बोटाकडं बघावं लागतं. जमिनीवर ट्रिगर हळूहळू दाबणारं पोरगं फळीवर वाट बघायला लागतं. माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) टार्गेटवरून सरकताना दिसली की "आत्ता!" म्हणून खट्टकन ओढतं. बार सुटतो तोवर नळी पुढं गेलेली असते. लाट वर जात असेल तर नळीही वर. म्हणजे चुकलेली गोळी पाण्यात न जाता मोकळ्या हवेत जाते, आणि मग वरचा दीड किलोमीटरचा आकडा आठवावा लागतो.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: नांगर टाकू. नांगरानं होडी वाहून जात नाही, पण एका दोरावर ती वाऱ्याबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर गोल फिरते. नेम धरला तेव्हा बाटलीमागं मोकळा समुद्र होता, चार बार झाल्यावर मागं किनारा आलेला असतो. बाटली तीच, होडी तीच, त्यामुळं काही बदललंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तरंगणारी बाटलीही आपल्या मनानं सरकत असते. रेंजवर उभं राहायची जागा, टार्गेट आणि मागची भिंत या तिन्ही गोष्टी खिळलेल्या असतात. होडीत तिन्ही सुट्या.

"एअरगनला लायसन लागत नाही"

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, बरोबर. पण परवाना लागत नाही म्हणजे कुठंही वाजवायची मुभा आहे असं नव्हे. बेदरकारपणे दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं काही केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे, मग हातात एअरगन असो की गोफण. परवान्याची बंदूक बेफिकिरीनं चालवली तर शस्त्र कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. समुद्रपक्ष्यांवर नेम धरणं हा वन्यजीव कायद्याचा वेगळा गुन्हा.

शिवाय 2008 च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी समुद्रातून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरचा माणूस होडीतल्या लांब काळ्या वस्तूकडं निराळ्या नजरेनं बघतो. लांबून एअरगन आणि रायफल यात काही फरक दिसत नाही. कुणी 1093 ला सागरी पोलिसांना फोन केला, तर त्याची चूक नाही.

होडीवाल्यालाही यात ओढू नका. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब बॅग घेऊन होडीत चढलं, तांडेलानं बॅगेची लांबी बघितली आणि एवढंच म्हणाला, "ह्या बंदच ऱ्हवांदे. माझा लायसन जातला." बॅग बंद राहिली, डॉल्फिन दिसले, सहल झाली.

बंदूक बोटीत आलीच असेल तर

ज्या देशांत समुद्रावर नेमबाजीला परवानगी आहे तिथली माणसं काय पाळतात तेवढंच सांगतो, कारण त्यातलं निम्मं नुसत्या वाहतुकीलाही लागू पडतं. एका वेळी एकच बंदूक बाहेर. मारणारा बसलेला, बाकी सगळे त्याच्या मागं, आणि होडी चालवणाऱ्यानं "स्टॉप" म्हटलं की संपलं. बार सोडून इतर सगळा वेळ चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागी) सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची खूण, तोच केशरी दोरा जो रेंजवर पोरं लावायला विसरतात आणि शिव्या खातात. बार झाला नाही तर बंदूक उघडून बघायची घाई करायची नाही, नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. होडीत पंचाईत अशी की अर्ध्या मिनिटात सुरक्षित दिशाच फिरून जाते.

लाइफ जॅकेट काढायचं नाही. त्याच्या फुगीरपणामुळं दस्ता खांद्यात बसत नाही, म्हणून लोक नेमकं तेच आधी काढतात. आणि कॅनव्हास-चामड्याचं ताठ शूटिंग जॅकेट घालून तर होडीत पाऊलही टाकू नये. ते घालून जमिनीवर धड वाकता येत नाही, पाण्यात हात काय मारणार.

नुसती सोबत न्यायची असेल तर बंदूक रिकामी, फ्लॅग लावलेली, बॅगेत बंद. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या माणसाच्या खिशात. खरं तर हॉटेलच्या खोलीत कुलपातच ठेवा.

परत आल्यावर "बंदूक बिघडली" म्हणून आणतात ती

हे सगळं ऐकून, बॅग न उघडता परत आलेली माणसंही पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन येतात. कॉकिंगला, म्हणजे स्प्रिंग ताणायला, जड लागते, साइटचा स्क्रू फिरत नाही, नेम डावीकडं जातो. बंदुकीला काही झालेलं नसतं, तिला खारा वारा लागलेला असतो. चार दिवस दमट बॅगेत राहिली की मीठ फटीफटीत बसतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं घाट चढून इथं आल्यावरही गंज चालूच राहतो. वरून तेल फासू नका, मीठ तेलाखाली अडकतं. आधी गोड्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं बाहेरचा धातू पुसा, कोरडा करा, मग बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. नळीत तेल ओतायचं नाही. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये ते दाबाखाली पेटून धूर काढतं आणि सीलचं नुकसान होतं. फेल्टच्या कोरड्या गोळ्या नळीतून काढल्या की पुरे. बॅग उलटी करून उन्हात टाका.

दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफली असतील तर आणखी एक. त्यात 200 बारच्या आसपास दाबाची हवा असते (हा बार म्हणजे दाबाचं माप). भरलेला सिलिंडर दुपारभर बंद गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका, आणि त्याच्यावर छापलेली तारीख बघा; दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत कुणी वापरू देत नाही.

परवा एकाची रायफल उघडली तर मागच्या साइटच्या खाचेत पांढरी बुरशी दिसली. नखानं खरवडून जिभेला लावली. खारट. तो म्हणाला, "पण सर, मी बॅगेची चेनसुद्धा उघडली न्हाई." मग बॅग हुंगली. तिच्या बाहेरच्या कप्प्यात पोरानं शंख-शिंपले भरून आणले होते, ओल्या वाळूसकट.