कंपनी बंद करायची आहे आणि अकाउंटंट फोन उचलत नाही

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मी आणि माझा साळा मिळून पॅकिंगच्या पिशव्यांची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड चालवत होतो. मार्च २०२२ मध्ये मशीन विकलं, शेडची चावी मालकाला दिली आणि अकाउंटंटला म्हटलं, आता कंपनी बंद करून टाका. तो म्हणाला, "होऊन जाते ना भाऊ, टेन्शन नका घेऊ." पुढचं दीड वर्ष आम्ही हेच वाक्य ऐकलं. कधी साइट बंद होती, कधी सीए साहेब बाहेरगावी होते, कधी घरी लग्न होतं. मग एके दिवशी साळ्याने सहज एमसीए (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून बघितलं, तर शेवटचा ताळेबंद ३१ मार्च २०२१ चा निघाला. त्यानंतर एक कागदही भरलेला नव्हता.

तुमची गत अशीच असेल तर खालच्या क्रमाने जा. क्रम मुद्दाम सांगतोय. बहुतेक लोक भांडणापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण तेव्हा सगळ्या चाव्या समोरच्याच्या हातात असतात.

१. आधी तो आहे कोण, ते ठरवा

आपल्याकडे "आमचे सीए" म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, तो पुष्कळदा सीए नसतोच. तो टॅली लिहिणारा, रिटर्न भरणारा माणूस असतो आणि सहीपुरता एक सीए त्याच्या ओळखीचा असतो. आमचंही तसंच होतं. ज्याने आमचा ऑडिट रिपोर्ट सही केला, त्याचं तोंडही आम्ही पाहिलेलं नव्हतं. जुना रिपोर्ट काढा. सहीखाली सीएचं नाव, सदस्यत्व क्रमांक आणि १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा क्रमांक, असतो. हा यूडीआयएन सीए संस्थेच्या साइटवर टाकून कोणालाही तपासता येतो. २०१९ नंतरच्या रिपोर्टवर तो नसेल किंवा तपासल्यावर जुळत नसेल, तर प्रकरण हलगर्जीपणाच्या पुढचं आहे. त्या कागदाची झेरॉक्स वेगळी काढून ठेवा.

२. त्याला विचारू नका, पोर्टलला विचारा

या कामाला एक संध्याकाळ पुरते. एमसीए पोर्टलवर स्वतःचं लॉगिन करून कंपनीचा मास्टर डेटा उघडा. शेवटची वार्षिक सभा कधी झाली, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे आणि कंपनी चालू दाखवते की नाही, हे तिथे दिसतं. १०० रुपये भरले की आजवर भरलेले सगळे फॉर्म पाहता येतात. ते भराच. आमच्या अकाउंटंटने "भरलं ना भाऊ" म्हणून सांगितलेल्या फॉर्मचा तिथे मागमूस नव्हता.

दोन फॉर्म मुख्य आहेत. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७, छोट्या कंपनीसाठी ७-ए. पहिला वार्षिक सभेपासून ३० दिवसांत आणि दुसरा ६० दिवसांत भरायचा. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये लागतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. एका वर्षाचे दोन्ही फॉर्म ३६५ दिवस रखडले, तर ७३,००० रुपये झाले. कंपनीत त्या वर्षी एक रुपयाची उलाढाल नसली तरीही. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो आणि ते झेंगट तुमच्या दुसऱ्या कंपनीलाही लागतं.

कंपनी २ नोव्हेंबर २०१८ नंतर स्थापन झालेली असेल, तर धंदा सुरू केल्याचा आयएनसी-२०ए भरला होता का, तेही बघा. सुरुवातीच्या घाईत हाच फॉर्म हमखास राहतो. दोन्ही संचालकांचा डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, चालू आहे ना, हेही बघा. केवायसी न केल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल तर माणशी ५,००० रुपये धरा.

मग जीएसटी. तिथे "सर्च टॅक्सपेयर" मध्ये नंबर टाकला की लॉगिनशिवायही रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात. सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही, तर विभाग स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतो. आमची तशीच रद्द झाली होती. नोटीस आली होती, पण अकाउंटंटच्या ईमेलवर. पोर्टलवर किंवा नोंदलेल्या ईमेलवर टाकलेली नोटीस कायद्याने तुम्हाला मिळालेलीच धरतात.

३. चाव्या परत घ्या

माझ्या मते अख्ख्या कामात हीच पायरी सगळ्यात मोलाची आहे.

पहिली चावी म्हणजे डिजिटल सही, ती पेन ड्राइव्हसारखी दिसते. आमच्या अकाउंटंटच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अशी तीस-चाळीस टोकनं होती. रबर बँड लावून, पट्टीवर बॉलपेनने पक्षकाराचं नाव लिहून, आणि त्याच पट्टीवर पासवर्ड. म्हणजे त्या ऑफिसातल्या ऑपरेटर पोरालाही माझी सही करता येत होती! स्वतः जाऊन टोकन घेऊन या. देत नसेल, तर ज्या कंपनीने सही दिली तिच्याकडे ती रद्द करायचा अर्ज करा आणि नवी काढा. फार खर्च येत नाही.

दुसरी चावी जीएसटीचं लॉगिन. त्यात मोबाइल आणि ईमेल अकाउंटंटचे असतील, तर ओटीपी त्यालाच जातो आणि तुम्ही आपल्याच घरात पाहुणे. यावर इलाज आहे. पोर्टलवर तुमचं अधिकारक्षेत्र केंद्राचं की राज्याचं, ते बघा. नागपुरात दोन्हीकडची कार्यालयं सिव्हिल लाइन्समध्ये आहेत. त्या अधिकाऱ्याकडे कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज, संचालकाचा पुरावा आणि बोर्डाचा ठराव घेऊन जा. पडताळणी झाली की ते नवा ईमेल-मोबाइल नोंदवून देतात. ही तक्रार देशभरातून इतकी आली होती की ही सोय मुद्दाम करावी लागली. इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड संचालकाच्या डिजिटल सहीने बदलता येतो, म्हणून सही आधी.

तिसरी चावी टॅलीचा डेटा. नुसत्या पीडीएफवर भागवू नका, बॅकअप मागा आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कंपनीला टॅली व्हॉल्टचा पासवर्ड असेल तर तो लिहून घ्या. हा पासवर्ड हरवला तर टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत. आम्हाला बॅकअप मिळाला आणि पासवर्ड नाही. मग बँक स्टेटमेंट आणि बिलांच्या फायलींवरून एक वर्ष पुन्हा लिहावं लागलं. महाल भागातल्या घरी जमिनीवर बिलं पसरून तीन रविवार गेले.

४. एकच पत्र, पण नेमकं

व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या घालून काही हाती लागत नाही, उलट तेच स्क्रीनशॉट पुढे आपल्या अंगावर येतात. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पावतीसह पाठवा. मजकूर साधा ठेवा:

"नमस्कार भाऊ. आमच्या कंपनीच्या नोंदीनुसार २०२१-२२ चे एओसी-४ आणि एमजीटी-७ए भरलेले दिसत नाहीत. आपण ते भरल्याचं आम्हाला सांगितलं होतं. भरले असल्यास चलन व एसआरएन (फॉर्मच्या पावतीचा) क्रमांक द्यावेत. तसेच दोन्ही डिजिटल सह्या, टॅलीचा बॅकअप पासवर्डसह, मूळ व्हाउचर फायली आणि सर्व लॉगिन सात दिवसांत परत करावेत. आपली फी बाकी असल्यास बिल पाठवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. फी अडकली म्हणून फायली अडवल्या, हेच कारण पुढे सांगितलं जातं. ते आधीच काढून घ्या आणि रास्त बिल असेल तर देऊनही टाका. आम्ही ८,००० रुपये दिले. साळा चिडला होता, पण फायली त्याच दुपारी मिळाल्या.

टॅक्स भरायला म्हणून त्याला रोख किंवा गूगल पेने पैसे दिले असतील, तर त्याच्या प्रत्येक रकमेसमोर चलन शोधा. जीएसटीचं चलन कॅश लेजरमध्ये दिसतं, इन्कम टॅक्सचं त्यांच्या पोर्टलवर. घेतलेला पैसा भरलाच नसेल किंवा तुमची सही न विचारता वापरली असेल, तर तो पोलिसांचा मामला आहे. त्यासाठी वकील गाठा.

५. नवा माणूस

यावेळी सीएच घ्या आणि कंपनी बंद करण्याचं काम त्याने आधी केलंय का, ते तोंडावर विचारा. "जुन्याकडून एनओसी आणा" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. नव्या ऑडिटरने जुन्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे, परवानगी मागणं नाही. मात्र जुन्या ऑडिटरला मुदतीआधी काढायचं तर केंद्र सरकारची मंजुरी लागते. त्यापेक्षा त्याच्याकडून राजीनामा घेतलेला बरा. त्याने तो एडीटी-३ फॉर्ममध्ये भरायचा असतो. सही करणारा सीए बहुधा याला लगेच तयार होतो, त्यालाही लफडं नको असतं.

६. आता बंद करायला घ्या

छोट्या कंपनीसाठी सोपा रस्ता म्हणजे नाव काढून टाकण्याचा अर्ज, एसटीके-२. फी १०,००० रुपये. १ मे २०२३ पासून हे अर्ज हरियाणातल्या मानेसरच्या सी-पेस या कंपन्या बंद करण्याच्या केंद्रात तपासले जातात, त्यामुळे इथल्या ओळखीपाळखीचा उपयोग नाही. आम्ही जे चुकत चुकत शिकलो, ते सांगतो.

धंदा सुरू होऊन थांबलेला असेल, तर मागची दोन आर्थिक वर्षं कारभार नसावा लागतो. आमचा धंदा मार्च २०२२ ला थांबला, म्हणजे अर्ज एप्रिल २०२४ नंतर. आणि थकलेले एओसी-४, एमजीटी-७ कुठवर भरायचे? ज्या वर्षी धंदा थांबला, त्या वर्षाअखेरपर्यंत. आम्हाला फक्त २०२१-२२ भरावं लागलं, पुढच्या वर्षांचा दिवसाला १०० चा मीटर वाचला. पण कंपनी रजिस्ट्रारने स्वतःहून नाव काढायची नोटीस आधीच काढली असेल, तर सगळं भरावं लागतं. म्हणून रेंगाळू नका. धंदा थांबल्याची तारीख खरी हवी. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्यानंतर एखादं विक्रीचं पेमेंट दिसलं की अर्ज अडकला.

अर्जाआधी जीएसटीची थकलेली रिटर्न भरा. नोंदणी चालू असेल तर ती रद्द करायचा अर्ज, आरईजी-१६, द्या. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरायचं असतं, हे शंभरातले नव्वद जण विसरतात. दिवसाला २०० रुपये, कमाल १०,००० पर्यंत लेट फी आहे. आमचे १०,००० पुरेच गेले. शिल्लक माल आणि मशीनवर घेतलेलं क्रेडिटही तिथे परत द्यावं लागतं. व्यवसाय कराच्या दोन्ही नोंदण्या, पीएफ, ईएसआयसी, शॉप अ‍ॅक्ट, उद्यम यांपैकी जे असेल ते बंद करा. कंपनीचं पीटीईसी (तिच्या स्वतःच्या व्यवसाय कराची नोंदणी) चालू राहिलं तर दरवर्षी २,५०० लागतच राहतात.

इन्कम टॅक्सचं रिटर्न तोटा असला तरी भरायचं असतं. टीडीएसचा रिफंड येणार असेल तर तो खात्यात आल्याशिवाय करंट अकाउंट बंद करू नका. आमच्या ओळखीतल्या एकाने घाईत खातं बंद केलं. रिफंड निघाला आणि माघारी गेला. आता कंपनीच राहिली नाही, नवं खातं कोण उघडू देणार?

ताळेबंदात संचालकांनी दिलेलं कर्ज पडून असतं, ते फेडून किंवा माफ करून शून्य करा. मग सीएकडून एसटीके-८, म्हणजे मालमत्ता-देण्यांचं विवरण घ्या. ते अर्जाच्या दिवशी ३० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. प्रत्येक संचालकाचा एसटीके-३ बाँड आणि एसटीके-४ प्रतिज्ञापत्र लागतं. विशेष ठराव, नाहीतर भांडवलात ७५ टक्के वाटा असलेल्या सभासदांची संमती लागते. नोटरीचं काम सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयाबाहेर अर्ध्या तासात होतं. बाँड मात्र वाचून सही करा. कंपनी गेली तरी तिचं कुठलं देणं निघालं तर ते मी भरीन, असं त्यात लिहिलेलं असतं.

अर्ज मान्य व्हायच्या आधी एसटीके-६ ची जाहीर सूचना निघते. हरकतीसाठी ३० दिवस असतात, नंतर नाव काढल्याची एसटीके-७ सूचना राजपत्रात येते.

७. तक्रार

आता भांडा. सही करणारा सीए असेल, तर सीए संस्थेच्या शिस्त संचालनालयाकडे नमुना १ मध्ये तक्रार करता येते, सोबत पुरावे आणि फी. धंतोलीत संस्थेची शाखा आहे, पण शिक्षा करण्याचा अधिकार शाखेला नाही, त्यामुळे तिथे जाऊन आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. "काम वेळेत केलं नाही" एवढ्या तक्रारीत दम नसतो. न पाहिलेल्या हिशोबावर सही केली, यूडीआयएन नाही, पत्राला उत्तर दिलं नाही, असं तारखेनिशी मांडा. अकाउंटंट सीए नसेल तर ही वाट नाही, मग वकिलाची नोटीस आणि नुकसानभरपाईचा दावा. आम्ही हिशोब केला. लेट फी, डीआयएन, जीएसटी धरून लाखाच्या आसपास गेले होते, आणि दाव्यासाठी दर तारखेला साळ्याला अमरावतीहून यावं लागलं असतं. नोटीस पाठवली, त्याने २५,००० परत दिले, आम्ही घेतले.

हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं जपून ठेवायची असतात. आमची माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, झाकणावर खडूने "२०३०" लिहिलंय. रबर बँडवाली दोन टोकनंही त्यातच टाकली आहेत, पट्टीवरचा पासवर्ड खोडून.