लग्नाची जुनी व्हीसीडी-डीव्हीडी आजच्या मोबाइल-टीव्हीवर चालेल अशी करताना

कपाटात अल्बमच्या खाली दोन-तीन सीड्या असतात. वर मार्करने 'भाग १', 'भाग २' लिहिलेलं असतं, आणि घरात ती लावायला आता काहीच नसतं. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला. कुणाकडून ड्राइव्ह आणून फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, तरी टीव्ही ती उघडत नाही. हे काम एका शनिवार-रविवारात होतं, पण क्रम पाळावा लागतो. आधी तबकडीवरचं जसंच्या तसं उतरवायचं, मग त्या प्रतीपासून नवी फाइल करायची. दोन्ही एकदम करायला गेलं की ओरखड्याशी अडलेली ड्राइव्ह आणि अर्धवट फाइल एवढंच हाती लागतं.

आधी आत काय आहे ते ओळखा

सीडी उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात 'एव्हीसेक०१' अशा नावाची डॅट फाइल दिसली, तर ती व्हीसीडी. आतलं चित्र एमपेग-१, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम. चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी.

'व्हिडिओ टीएस' फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइल्स असतील, तर ती डीव्हीडी. चित्र एमपेग-२, ७२० बाय ५७६. आवाज बहुतेक एसी-३, कधी पीसीएम.

नुसतं एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही. डॅटला एमपी४ नाव दिलं तरी आत एमपेग-१च राहतं. काही प्लेअर पहिले काही बाइट तपासून ते चालवतात, टीव्ही मात्र चालवत नाही. शंका असली तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फाइलच्या आतलं सगळं दाखवतं. आपल्याला शेवटी हवं आहे ते असं: एमपी४ फाइल, चित्र एच.२६४, रंग ८ बिट आणि ४:२:०, आवाज एएसी. जवळपास कुठलाही फोन, टीव्ही किंवा ब्राउझर हे घेतो. एच.२६५ने फाइल लहान होते, पण जुन्या टीव्हींवर अडते. लग्नाच्या फाइलसाठी तो धोका घेऊ नये.

तबकडी उतरवणे

यूएसबीची डीव्हीडी ड्राइव्ह पुरते. ती हबला न लावता थेट लॅपटॉपला लावा. वीज कमी पडली की ड्राइव्ह मध्येच बंद पडते आणि दोष तबकडीला दिला जातो. सीडी पुसायची ती मऊ, किंचित ओल्या सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा डेटाच्या वाटेच्याच दिशेने जातो आणि सलग बराच भाग खातो, तर आडवा ओरखडा चुकांची दुरुस्ती बहुधा सावरून घेते. वरच्या बाजूला कागदी स्टिकर असेल तर तो काढू नका, खालचा चकाकणारा थर त्याच्यासोबत उखडून येतो.

व्हीसीडी नाजूक असण्याचं एक खरं कारण आहे. साध्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करणाऱ्या माहितीचा एक जादा थर असतो. व्हीसीडीने जास्त व्हिडिओ मावावा म्हणून चित्राच्या भागातून तो काढून टाकला, म्हणून एका सेक्टरमध्ये (सीडीवरच्या डेटाच्या एका कप्प्यात) २०४८ ऐवजी २३२४ बाइट बसतात. याच कारणाने व्हीसीडीची साधी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या तबकडीची एका फाइलमधली प्रत, करू नये, त्या पद्धतीत २०४८च बाइट धरले जातात. विंडोजवर इमेजबर्न या सॉफ्टवेअरने वाचलं तर ते आपोआप बिन आणि क्यू अशी जोडी करतं, तीच हवी. मॅकवर डॅट फाइल ओढून कॉपी करताना पुष्कळदा एरर येते ती यामुळेच. शक्य असेल तर व्हीसीडी विंडोजवर उतरवा.

डीव्हीडीचा अख्खा 'व्हिडिओ टीएस' फोल्डर कॉपी करा, एकट्या व्हीओबी नकोत. त्यातल्या छोट्या आयएफओ फाइल्समध्ये कोणता भाग कुठे सुरू होतो याचा नकाशा असतो. कॉपी मध्येच थांबली तर ड्राइव्ह बदलून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसरी ड्राइव्ह निमूटपणे वाचते, असं पुष्कळदा होतं. तरीही नाही झालं तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सगळा चांगला भाग उतरवतं आणि खराब जागेवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. डीव्हीडीसाठी ते उत्तम आहे. व्हीसीडीसाठी विंडोजवर आयसोबस्टर बरं.

हँडिकॅमची ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी कोरी दिसत असेल, तर ती बहुतेक 'फायनलाइज' केलेली नाही, म्हणजे इतर ड्राइव्हना वाचता येईल अशी शेवटी बंद केलेली नाही. ती ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइज करणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग. फटीतून सीडी आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही छोटी तबकडी कधीच घालू नका, ती आत अडकून बसते.

बाजारातल्या चित्रपटांच्या डीव्हीड्यांवर कुलूप असतं आणि रूपांतरासाठी पुढे वापरायचं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर ते उघडत नाही. इथे लिहिलं आहे ते आपल्या घरच्या शूटिंगबद्दल.

रूपांतर

हँडब्रेक मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. ऑनलाइन कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊ नका. ४ जीबी चढवायला रात्र जाते, आणि घरच्या बायकामुलांचं चित्रण अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसतं.

डीव्हीडीसाठी 'व्हिडिओ टीएस' फोल्डरच उघडा. व्हीओबी एकेक करून बदलल्या तर दर १ जीबीला फाइल तुटते आणि जोडावर चित्र उडतं, आवाजात टक् होतं. उघडल्यावर 'टायटल'च्या यादीत सर्वांत लांबीचं टायटल निवडा. स्टुडिओने हळद, लग्न आणि रिसेप्शन वेगवेगळ्या टायटलमध्ये टाकलं असेल तर प्रत्येक रांगेत लावा.

प्रीसेट 'फास्ट ५७६पी२५' घ्या आणि त्यात पुढचे बदल करा.

व्हिडिओच्या पानावर एनकोडर एक्स२६४, 'कॉन्स्टंट क्वालिटी' आरएफ १९ किंवा २०. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एसडी चित्रासाठी १८ ते २२ हा पट्टा योग्य. एनकोडर प्रीसेट 'स्लो' ठेवा. वेळ जास्त लागतो, पण त्याच आरएफला कमी जागेत काम भागतं. १०-बिटचा पर्याय निवडू नका, बरेच टीव्ही १०-बिट एच.२६४ दाखवत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच बहुतेक रूपांतरं बिघडतात. डीव्हीडीवरचं शूटिंग इंटरलेस्ड असतं: एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं (फील्ड), एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, आणि दोहोंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा. आजचा स्क्रीन दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून वरात नाचताना हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. 'फिल्टर्स'मध्ये डीइंटरलेस 'याडिफ' आणि त्याचा प्रीसेट 'बॉब' करा, तो प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम करतो. 'इंटरलेस डिटेक्शन' बंद ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर फिल्टर चालेल. मग व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५० आणि 'कॉन्स्टंट' करा. प्रीसेटमधला २५ तसाच राहिला तर बॉबने मिळवलेल्या निम्म्या फ्रेम फेकल्या जातात आणि ढोल-ताशाची ती लय तुटक दिसते.

त्यानंतरही चित्र पुढे-मागे थरथरत असेल, तर फील्डचा क्रम चुकला आहे. डीव्ही कॅमेऱ्यात खालची फील्ड आधी असते, डीव्हीडीवर बहुधा वरची, आणि एडिटिंग करताना खूण चुकीची बसलेली असू शकते. याडिफचा प्रीसेट 'कस्टम' करून, मोड ७ ठेवून पॅरिटी आधी ० आणि मग १ करून पाहा. एका किमतीला थरथर जाते.

व्हीसीडीला यातलं काही लागत नाही. तिच्या २८८ ओळी म्हणजे एकच फील्ड, ती आधीच सलग आहे. डीइंटरलेस बंद, फ्रेमरेट २५. हाती बिन-क्यू जोडी असेल किंवा हँडब्रेकने डॅट उघडली नाही, तर व्हीसीडीगियर या सॉफ्टवेअरने आधी एमपेग करून घ्या. ते सेक्टरच्या आजूबाजूचा कचरा काढतं आणि काही तुटक जागाही दुरुस्त करतं.

आकार हा दुसरा फसवा भाग. ७२० बाय ५७६ हे पिक्सेल चौरस नाहीत. तसंच ठेवलं तर माणसं किंचित बारीक आणि उंच दिसतात. 'डायमेन्शन्स'मध्ये ॲनामॉर्फिक 'नन' करून ४:३ चित्रासाठी ७६८ बाय ५७६ द्या, १६:९ असेल तर १०२४ बाय ५७६. व्हीसीडीला ३८४ बाय २८८. १०८०पी करू नका. त्याने तपशील वाढत नाही, फक्त फाइल फुगते, आणि मोठं करण्याचं काम टीव्ही स्वतःच करतो.

क्रॉप 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर स्टुडिओने टाकलेल्या फुलांच्या चौकटी आणि काळे फेड पाहून ते चुकतं. आधी क्रॉप बंद करा. डीव्हीडी मूळ व्हीएचएस कॅसेटवरून केलेली असेल तर तळाशी ८ ते १२ ओळी लोकरीसारख्या हलतात, तेवढ्याच हाताने कापा. डीनॉइझ बंदच बरं. दाणे जातात हे खरं, पण त्यासोबत पैठणीची जर आणि मुंडावळ्यांचे मणीही पुसले जातात.

आवाज एएसी, १६० किलोबिट, स्टिरिओ. 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर खूण करा, म्हणजे फाइल पूर्ण उतरायच्या आधी मोबाइलवर सुरू होते.

अख्खी फाइल लावण्याआधी तीस सेकंदांची चाचणी घ्या, आणि ती कुठली घ्यायची हे ठरलेलं आहे: मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला होतो आणि अक्षता उडतात ती जागा. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश. एनकोडर एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधत जातो आणि इथे त्याचा प्रत्येक अंदाज चुकतो. आरएफ कमी पडला असेल तर अक्षतांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतील, नवरा-नवरीचे चेहरे क्षणभर मेणाचे होतील. तसं झालं तर आरएफ १८ वर आणा. ही तीस सेकंद नीट आली की बाकीची फाइल नीट येते. आवाजही इथेच तपासा: ताशावर काडी पडते त्या क्षणी आवाज यायला हवा.

इतर जुन्या फाइल्स

२००५च्या आसपासच्या फोनमधल्या ३जीपी फाइल्सचं चित्र बहुधा १७६ बाय १४४, एच.२६३ आणि आवाज एएमआर, ८ किलोहर्ट्झ. फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' आणि 'व्हेरिएबल' ठेवा, कारण तो फोन अंधारात फ्रेम सोडायचा, आणि त्यावर ठरावीक २५ लादले की हालचाल अडखळते. सॅम्पल रेट ४८ करा, काही टीव्ही ८ किलोहर्ट्झचं एएसी वाजवत नाहीत. आडवी आलेली फाइल 'डायमेन्शन्स'मधून ९० अंश फिरवता येते.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या एव्हीआयमध्ये मोशन जेपेग असतं. तिथे आकार पाचपट-दहापट कमी झाला तर घाबरू नका, मूळ फाइलच फार ऐसपैस असते. एफएलव्हीमध्ये आत आधीच एच.२६४ आणि एएसी असेल, तर पुन्हा एनकोड न करता एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने फक्त डबा, म्हणजे बाहेरचा फाइल-प्रकार, बदलावा. काही सेकंदांत होतं आणि चित्राला धक्काही लागत नाही.

तपासणी आणि साठवण

नव्या फाइलची लांबी मूळ टायटलशी जुळते का पाहा. दोन-चार सेकंदांचा फरक चालतो, मिनिटांचा नाही. सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं, तिन्ही ठिकाणी आवाज आणि ओठ जुळायला हवेत. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चुकीचं असेल तर मध्ये कुठेतरी तबकडीच्या ओरखड्यात फ्रेम गळाल्या आहेत. तेवढा भाग पुन्हा उतरवावा लागतो.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट करा, पण आधी टीव्ही ते वाचतो का पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून, २ जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली की ते पुन्हा दाबून लहान करतं आणि अक्षतांचे ठोकळे परत येतात.

मूळ उतरवलेला फोल्डर किंवा बिन-क्यू जोडी पुसू नका. डीइंटरलेस केलेलं चित्र मागे फिरवता येत नाही, आणि दहा वर्षांनी नवा फॉरमॅट आला की या एमपी४वरून नव्हे, त्या मूळ प्रतीवरूनच पुढचं रूपांतर करायचं असतं. मूळ आणि एमपी४ दोन्ही एका हार्ड डिस्कवर, आणि दुसरी तशीच डिस्क दुसऱ्या घरी, ताईकडे किंवा मामाकडे. नावात साल आधी लिहा: २००३-०५ लग्न भाग १. सीडी ताठ उभी, उन्हापासून लांब ठेवा. लिहिलेल्या सीडीचा रंगीत थर उन्हाने उडतो.