इचारूक काय पैशे पडतत?

आपल्याकडे कोकणात दहावी झाली की मूल 'कॉलेजात' जातं. जातं कुठे? त्याच हायस्कूलच्या वरच्या मजल्यावर. घंटा तीच, शिपाईकाका तेच, सर तेच, फक्त पाटीवर 'व कनिष्ठ महाविद्यालय' एवढं वाढलेलं. दोन दिवस वर्गात दिसला नाहीत तर सर तुमच्या बाबांना बाजारात गाठून विचारतात. त्यामुळे बारावी झालेल्यांना वाटतं, कॉलेज आपण दोन वर्षं बघितलंय, आता फक्त गाव बदलायचं. मलाही तसंच वाटलं होतं.

मी देवगड तालुक्यातली. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जायची. २०१२ साली बारावी सायन्स करून रत्नागिरीला तेरावीला, म्हणजे एफ.वाय. बी.एस्सी.ला गेले. आता एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. मे महिन्यात निकाल लागला की मुलं घरी येऊन ओट्यावर बसतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, कुठच्या लाइनला जाऊ?" लाइनीचं मी सांगते, पण खरी अडचण तिथे नसते. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात वरच असतो, तेव्हा अभ्यासात आमची मुलं कमी नाहीत. ती अडकतात ऑफिसच्या खिडकीवर.

माझंच सांगते. आमच्या वेळी प्रत्येक विषयाला चाळीस गुण अंतर्गत असायचे आणि त्यात वेगळं पास व्हावं लागायचं. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीच्या चाचणीची तारीख विभागाच्या बाहेर बोर्डावर लागली होती. बोर्ड वाचायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. शाळेत शिपाईकाका सूचनेची वही घेऊन वर्गात यायचे आणि सर मोठ्याने वाचून दाखवायचे. मी मजेत गौरी-गणपतीला गावी गेले, विसर्जन करून परतले तर चाचणी होऊन गेलेली. वर्गातली एक मुलगी म्हणाली, ऑफिसात अर्ज दे, फेरचाचणी होते. मी रांगेत उभी राहिले. पुढच्या मुलावर आतले काका खेकसले. मी पाणी प्यायला म्हणून रांगेतून निघाले ती परत गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मुदत संपली. ज्या विषयावर आज माझं पोट चालतं त्यात मला केटी लागली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यावा लागला.

घरी सांगितल्यावर आई रागावली नाही, नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "अगो, इचारूक काय पैशे पडतत?"

पैसे पडत नाहीत, पण लाज पडते. आपण भिडस्त माणसं. पाहुण्याकडे गेलो तर पाणीसुद्धा मागून घेत नाही. शाळेत ते चालून जातं, कारण तिथे कोणीतरी तुमच्यावर लक्ष ठेवून असतं. सीनिअर कॉलेजात एका वर्गात शंभरावर मुलं असू शकतात. तुम्ही आलात काय, गेलात काय, हाक मारायला कोणी येत नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नाव बोर्डावर लागतं, आणि तेही बोर्ड वाचणाऱ्यालाच दिसतं.

म्हणून मुलांना मी पहिलं काम देते ते कागदांचं, आणि तेही निकालाच्या आधी. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मेमध्ये लागतो. मधल्या दिवसांत सगळे आंबे काढायला, नाहीतर क्रिकेटच्या स्पर्धांना. मग निकाल लागला की सेतूच्या दारात जत्रा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर (त्याला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तारीख नीट बघा), हे सगळं एप्रिलमध्ये उरकता येतं. जात वैधता प्रमाणपत्राला मात्र एप्रिल म्हणजे फार उशीर. ते अकरावीतच टाकायचं. समितीने आजोबांच्या शाळेचा जुना दाखला मागितला आणि ती शाळाच बंद पडलेली असली, तर सहा महिने कुठे जातात कळत नाही.

आपल्याकडचं एक खास लफडं म्हणजे चाकरमानी घरं. वडील मुंबईला, आई आणि मुलं गावात. रेशन कार्ड तिकडचं, शाळा इकडची. उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा यावर घरात आठ दिवस चर्चा होते, आणि ज्याला माहीत असतं त्या तलाठ्याला कोणी विचारत नाही. दुसरं लफडं नावाचं. आधारवर एक स्पेलिंग, मार्कलिस्टवर दुसरं, बँकेत तिसरं. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि आता प्रत्येकाला काढावा लागणारा बारा अंकी एबीसी आयडीही (तुमच्या शिक्षणाच्या नोंदी जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आधारवरच्या नावानेच बनतो. एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी पैसे अडकतात. सुट्टीत तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि बोटाने अक्षर अक्षर जुळवा.

शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा, कारण मूळ दाखला एकदा कॉलेजात जमा झाला की लगेच हातात येत नाही. आणि सगळे कागद जाड प्लास्टिकच्या फाइलमध्ये, पिशवीत नव्हे. प्रवेश जूनमध्ये असतात आणि जूनचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या बारावीच्या मार्कलिस्टवर अजून डाग आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक साधी पदवी कॉलेजं मुंबई विद्यापीठाची आहेत. त्यांच्यासाठी आधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करायची आणि मग कॉलेजचा फॉर्म भरायचा. दरवर्षी दोन-तीन मुलं नुसता कॉलेजचा फॉर्म भरून गुणवत्ता यादीची वाट बघत बसतात.

आता पैसे. यावर कोणी मोकळं बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत फी भरायची, खोलीचं डिपॉझिट द्यायचं, पुस्तकं घ्यायची, त्याच दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि घरात आवक शून्य. आंबेवाल्यांचं जरा बरं, पण त्यांचाही पैसा दलालाकडून हप्त्याहप्त्याने येतो. हे फीच्या वेळापत्रकाला माहीत नसतं, ते आपण सांगायचं. फीचे हप्ते पाडून मिळतात का, हे प्राचार्यांच्या नावे अर्ज करून विचारा. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर प्रवेशाच्या वेळी नेमके किती भरायचे हेही लेखी विचारा, कारण तुमच्या पुढच्याने पूर्ण फी भरली म्हणून तुम्हीही भरून मोकळे होता. माझ्या बाबांनी ट्रॉलरच्या मालकाकडून उचल घेतली होती आणि ती फिटेपर्यंत दिवाळी आली. अर्ज केला असता तर अर्धे पैसे ऑक्टोबरमध्ये चालले असते, हे मला टी.वाय.ला कळलं.

मुलींसाठी एक गोष्ट. २०२४-२५ पासून इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर पात्र मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. मेस, खोली, प्रवास त्यात येत नाही. 'मुलींना सगळं फुकट' एवढंच ऐकून एक पालक रिकाम्या हाताने पुण्याला निघाले होते.

लाइनीचं थोडक्यात. सगळ्यांना डॉक्टर नाहीतर कॉम्प्युटर हवं असतं. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांची बी.एफ.एस्सी. पदवी मिळते. ज्यांच्या दारात समुद्र आहे त्यांच्यातल्या कितीजणांना ते माहीत असतं? वर्गात विचारलं की दोन हात वर येतात. खुद्द दापोलीत शेती, उद्यानविद्या, वनशास्त्र आहे. त्यासाठी सीईटी द्यावी लागते, म्हणजे बारावीत असतानाच डोक्यात हवं. कला शाखेला जाणाऱ्याने मान खाली घालून ते सांगायचं कारण नाही, ही माझी जुनी तक्रार. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या माझ्या वर्गमित्रांत कलेची मुलंच जास्त टिकली.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एफ.वाय.चा तक्ता बघून मुलं गांगरतात: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय) आणि आणखी चार-पाच लघुरूपं. घाबरू नका. क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचं माप, थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट होतात. एक वर्ष करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलंत तर ऑनर्स. थांबायची सोय आहे म्हणून थांबू नका, पण घरी काही घडलं आणि थांबावंच लागलं तर केलेलं वर्ष पाण्यात जात नाही, हे पालकांना जरूर सांगा. मायनर निवडताना मैत्रिणीने काय घेतलं ते बघण्याऐवजी तो विषय कॉलेजात प्रत्यक्ष शिकवायला कोण आहे ते विचारा. कागदावर विषय असतो, माणूस नसतो. मी स्वतः तासिकेवर आहे, हे मी चांगलं ओळखते.

राहायचं की अप-डाउन करायचं? एस्टीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांशच पैसे. पण मुलींनो, अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, तेरावीला तो हिशेब बदलतो. पैशापेक्षा वेळ बघा. सायन्सची प्रॅक्टिकल्स संध्याकाळपर्यंत चालतात. गावाची शेवटची गाडी सव्वापाचला आणि प्रॅक्टिकल पाचला सुटत असेल, तर वर्षभर तुम्ही शेवटची वीस मिनिटं घड्याळाकडे बघत टायट्रेशन कराल. सकाळी वस्तीची गाडी पकडायला पहाटे उठणं वेगळंच. एका बाजूला तासाभराच्या आतला प्रवास असेल तर अप-डाउन चालतं, त्यापुढे निदान पहिलं वर्ष तरी खोली घ्यावी असं माझं मत. रत्नागिरीत आम्ही चौघी साळवी स्टॉपजवळ राहायचो. घरून तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुका बांगडा यायचा. पहिल्याच आठवड्यात बांगडा भाजला आणि घरमालकीणबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्या शाकाहारी होत्या, आणि खोली घेताना आम्ही ते विचारलं नव्हतं.

इंग्रजीचं भय सगळ्यांना असतं. बारावीत पुस्तक इंग्रजी असलं तरी सर समजावतात मराठीतच. एफ.वाय.ला लेक्चर सलग इंग्रजीतून झालं की पहिला महिना कानावरून वाहून जातो. मी रोज रात्री केमिस्ट्रीच्या पुस्तकाची दोन पानं मोठ्याने वाचायचे, अर्थ कळो न कळो. दिवाळीपर्यंत कान बसला. कला शाखेत बरेच विषय मराठीतून लिहिता येतात, तेही प्रवेश घेतानाच विचारून ठेवा. आणि मालवणी हेल आला म्हणून कोणी हसलं तर हसू दे, पंधरवड्यात तेच तुमच्याकडून दोन-चार शिव्या शिकून घेतात.

मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांनी गणपतीच्या तारखा आणि अंतर्गत चाचण्यांच्या तारखा जूनमध्येच एका कागदावर लिहून ठेवाव्यात. तिथल्या कॉलेजला आपल्यासारखी सुट्टी असेलच असं नाही. रेल्वेचं तिकीट आणि चाचणी दोन्ही ऐन वेळी बघितलं तर दोन्ही हुकतात.

गेली दोन वर्षं एप्रिलमध्ये मी बारावीच्या मुलांना एक खेळ लावते. प्रत्येकाने एकट्याने एका खिडकीवर जायचं (बँक, पोस्ट, तहसील, एस्टी, कुठलीही), एक खरा प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीत लिहून आणायचं. पहिल्या वर्षी अर्धी मुलं जोडीने गेली, त्यांना परत पाठवलं. एक मुलगी पोस्टात गेली आणि नुसतं तिकीट घेऊन आली. यंदा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो दोन वर्षांत वर्गात चार वाक्यं बोलला असेल, स्टँडवर गेला. कंट्रोलरनी आधी "काय रे?" म्हणून दरडावलं, हा तिथेच उभा राहिला. वहीत त्याने लिहून आणलं होतं: पासाच्या फॉर्मवर कॉलेजचा शिक्का लागतो, फोटो दोन, सकाळी गर्दी असते, दुपारी तीननंतर यावे. खाली आणखी एक ओळ होती: 'कंट्रोलर काकांनी विचारले कुठल्या गावचा, मग म्हणाले बस, चहा घे.'