कूलर लावूनही घामाघूम? नागपूरच्या उन्हाळ्यात रात्री झोपताना या चुका टाळा

होळी झाली की आमच्या नागपुरात कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि एप्रिल लागला की मला फोन यायला लागतात. माझं कूलरचं दुकान नाही. पंचवीस उन्हाळे वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली झोपून काढलेत, एवढंच माझं शिक्षण. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले, त्या रात्रीही मी झोपलो होतो. लोक मात्र दरवर्षी त्याच चुका करतात, आणि मी दरवर्षी तेच सांगतो. म्हटलं, या वेळी लिहूनच ठेवावं.

खिडक्या बंद करून कूलर लावणे

ही चुकांची महाराणी. तीन वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ डोंबिवलीहून बदली होऊन इथे आला. वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, नवा कोरा कूलर आणला. चौथ्या रात्री साडेअकराला फोन. "दादा, कूलर गेला बहुतेक. वारा फेकतोय, पण अंगाला नुसती चिकचिक."

स्कूटर काढून गेलो. खोलीत पाऊल टाकलं तर कपडे वाळत घातलेल्या न्हाणीघरासारखी हवा. टेबलावरचं वर्तमानपत्र फडक्यासारखं लुळं पडलेलं, डब्यातले कुरमुरे मऊ, गादी दमट. कूलर खोलीच्या मधोमध. तिन्ही खिडक्यांना कड्या, वर पडदे. आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. का, तर "थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून." त्याआधी दुपारी कोणी मिस्त्री येऊन चांगला चालणारा पंप बदलून, आठशे रुपये घेऊन गेला होता. खिडकी उघडा, हे काही त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठशे कुठून मिळाले असते?

मी टॉवेल काढला, खिडक्या उघडल्या, कूलर ढकलत खिडकीच्या तोंडाशी नेला. पंधरा मिनिटांत पठ्ठ्या पांघरूण मागायला लागला.

त्याची चूक समजण्यासारखी आहे. त्याने जन्मभर एसी पाहिला होता, आणि एसीला खोली बंद लागते. कूलरचं नेमकं उलटं. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांतून, ओढतो. ताट्यांतलं पाणी वाळताना हवेतली उष्णता शोषून घेतं. एक लिटर पाणी वाळलं तर विजेच्या हिशेबात दोन तृतीयांश युनिटाच्या आसपास उष्णता गेली. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून ४२ अंशांची हवा चांगल्या ताट्यांतून २६-२७ होऊन आत येऊ शकते. पण हा खेळ कोरड्या हवेवर चालतो. खोली बंद केली की कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो, आणि तासाभरात हवेत आणखी पाणी मावेनासं होतं. मग वाळत काहीच नाही, ना ताटी, ना तुमचा घाम.

तेव्हा कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवायचा, फक्त तोंड आत. आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी. किती उघडी? मी त्या खिडकीच्या गजाला एक जुना रुमाल बांधतो. रुमाल बाहेरच्या बाजूला झुकला म्हणजे हवा निघतेय. लोंबकळत राहिला तर आणखी चार बोटं उघडायची. याहून मोठं शास्त्र मला येत नाही.

आणि हो, बटण दाबल्याबरोबर "गरम वाराच येतोय" म्हणून ओरडू नका. आधी नुसता पंप दहा मिनिटं चालवा, ताट्या वरपासून खालपर्यंत भिजू द्या, मग पंखा. नव्या पिढीला दहा मिनिटं म्हणजे जन्मठेप वाटते. पहाटे उलटं करायचं: पंप आधी बंद, पंखा थोडा वेळ चालू. ताट्या वाळतात आणि तो कुजका वास येत नाही. वास लपवायला पाण्यात अत्तर टाकणारे पाहिलेत मी. त्यापेक्षा दरवर्षी गवत बदला. हनीकोंबच्या, म्हणजे पोळ्यासारख्या भोकांच्या, जाळ्या जास्त टिकतात हे कबूल, पण बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार एकदा बसला की त्यांचाही दगड होतो. मी एका बाजूला वाळ्याची ताटी लावतो. तो वास नसेल तर मला उन्हाळा लागल्यासारखा वाटतच नाही.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूचा डास अंडी टाकीच्या भिंतीला चिकटवतो. आणि कूलर चालू असताना त्यात पाणी भरू नका, हात लावू नका. आधी प्लग काढा. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला प्लग यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. इथे मला विनोद सुचत नाही.

स्लॅब तापला की पाणी ओतणे

माझी दुसरी आवडती चूक. दुपारी दोनला गच्चीवर पाइप घेऊन उभे राहणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत एक तरी असतात. दोनला टाकलेलं पाणी अर्ध्या तासात उडतं, आणि मागे अख्खी दुपार स्लॅब तापायला मोकळा. स्लॅबची गंमत अशी की वरून शोषलेलं ऊन खालच्या छतापर्यंत पोचायला काही तास लागतात. म्हणून आपण अंथरुणावर पडतो तेव्हाच छत आग ओकत असतं, आणि पंखा तीच गरम हवा डोक्यावर ढकलतो. पाणी टाकायचंच तर ऊन उतरल्यावर, सातच्या सुमारास. पहिल्या बादलीला छस्स आवाज येतो. साडेआठला दुसरी. तीही वापरलेल्या पाण्याची, कपडे खळबळल्याची. मे महिन्यात पिण्याचं पाणी गच्चीवर ओतणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पण खरा उपाय मार्चमधला आहे, म्हणजे चुना. ऊन स्लॅबमध्ये शिरूच द्यायचं नाही. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात फेविकॉल घालायचा आणि गच्ची स्वच्छ धुऊन, वाळवून पातळ हात मारायचा. तो वाळला की दुसरा. आमच्या शेजारच्यांनी एकदा "दोनदा कोण चढणार" म्हणून धुळीवरच साईसारखा जाड थर दिला. पहिल्या वादळात पापुद्रे उडाले आणि आमच्या वाळवणावर येऊन पडले. त्या वर्षी कुरडयांबरोबर आम्ही चुनाही खाल्ला असावा.

बाकीच्या, थोडक्यात

दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणे. "हवा खेळती राहते" म्हणे. खेळते ती झळ. मी सकाळी नऊला सगळं बंद करतो, पडदे ओढतो, आणि रात्री बाहेर आतपेक्षा गार वाटलं की उघडतो. कधी साडेआठ, कधी दहा. घड्याळापेक्षा गॅलरीत उभं राहून पाहा.

झोपण्याआधी थेट नळाखाली अंघोळ. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी रात्री आठलाही चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. मी सकाळीच दोन बादल्या भरून न्हाणीघरात झाकून ठेवतो. बर्फ टाकायची गरज नाही. कोमट-गार पाणी पुरे, विशेषतः पायांवर. झोप यायला शरीराची आतली उष्णता थोडी उतरावी लागते, आणि ती तळहात-तळपायांतून बाहेर पडते.

फोमची गादी. उन्हाळ्यापुरती उभी करून ठेवा. कापसाची पातळ गादी, वर सुती चादर. मी तर चटईवरच.

रात्री साडेदहाला सावजी मटण. खा, पण मग मला फोन करू नका.

कूलर आणि एसी एकाच खोलीत चालू ठेवणे. एक हवेत पाणी भरतो, दुसरा ते उपसतो, बिल तुम्ही भरता. एसी १८ वर ठेवून गोधडी घेणाऱ्यांचंही मला कोडं आहे. २०२० पासून स्टार लेबलचे एसी मुळात २४ वर लावून येतात, ते उगाच नाही.

गच्चीवर झोपणारे नऊलाच तापल्या फरशीवर अंथरूण टाकतात आणि पाठ शेकून खाली येतात. खाट घ्या, खालून वारा जाऊ द्या. कठडा बुटका असेल तर मुलांना मधे झोपवा. आणि मेअखेरीस साडेपाचला सूर्य तोंडावर येतो, हे धरून चला.

एक मात्र वेगळं. दिवस ४० च्या वर आणि रात्रीचं तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त चढलेलं असलं की हवामान खातं तिला उष्ण रात्र म्हणतं. अशा रात्री लागोपाठ आल्या की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. घरातलं म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं आणि अंग तापलेलं असलं, तर कूलरपुढे बसवून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि तोवर अंग ओलं करून वारा घाला.

मामेभावाचं पुढे काय झालं? त्याने रुमालही बांधला, चुनाही मारला, आणि मेभर घोरला. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आलं, आणि रात्री पुन्हा फोन.

"दादा, या वेळी खरंच बिघडला. खिडक्या उघड्या आहेत, रुमाल झुकलाय, तरी चिकचिक."

"पंप बंद कर," मी म्हटलं, "नुसता पंखा ठेव. तुझी डोंबिवली आली इकडे."