निरगुडी कशी ओळखायची आणि घरी कशी वापरायची

निरगुडी शोधायला रानात लांब जावं लागत नाही, ओढ्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, पडीक जागेत ती असतेच, आणि गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही लावतात. साधारण माणसापेक्षा थोडं उंच झुडूप असतं.

आधी पान बघा. एका देठाला हाताच्या बोटांसारखी पाच पानं, कधी तीनच. मधलं सगळ्यात लांब आणि त्याला छोटा देठ, कडेची दोन बारकी आणि जवळजवळ बिनदेठाची. पण नुसती पानं मोजून थांबू नका, सावरीच्या रोपालाही पंजासारखी पानं असतात. म्हणून पान उलटं करा. वरून गडद हिरवं, खालून बारीक लव असल्यामुळे पांढरट राखाडी, वारा आला की अख्खं झुडूप चमकतं ते यामुळेच. मग चुरगळून वास घ्या, उग्र, औषधी वास, एकदा घेतला की विसरणार नाही. कोवळी फांदी बोटात फिरवली तर चौकोनी लागते. फुलं फांदीच्या शेंड्याला, निळसर जांभळी, आणि फळं बारीक, पिकली की काळी.

आता वापर. सगळ्यात सोपा धान्याचा, पानं सावलीत कडक वाळवायची (ओली घातली तर बुरशी येते) आणि कोठीत गहू-ज्वारीच्या थराथरात घालायची, कीड कमी लागते. आमच्या आजीची कोठी उघडली की आधी निरगुडीचा वास यायचा. गुडघा, कंबर दुखत असेल तर पानं तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधा आणि सोसेल तेवढा शेक घ्या.

तेल करायचं तर एक वाटी तिळाचं तेल, चार वाट्या पानांचा रस, मंद आचेवर रस आटेपर्यंत ठेवायचं. झालं का बघायला कापसाची वात तेलात बुडवून भांड्यापासून लांब पेटवा, तडतडली तर पाणी शिल्लक आहे, अजून आटवा. आधी मनगटाला थोडं लावून बघा, खाज सुटली तर वापरू नका. पोटात घ्यायचं मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय नाहीच, गरोदर बायकांनी तर अजिबात नाही.

तोडताना शेंडेच खुडा, मुळाला हात लावायची गरज नाही. आणि पावसाळ्यात एक जाडसर काडी आणून बांधावर खोचा, सहज जगते.