दिवाळीनंतर खुडूक कोंबडी रवणीला बसवताना

परतीचा पाऊस ओसरून रात्री थंड होऊ लागल्या की परसातील देशी कोंबड्यांकडून पिल्ले उबवून घेण्याचा, म्हणजे त्यांना रवणीला बसवण्याचा, सर्वांत चांगला काळ सुरू होतो आणि तो साधारण माघापर्यंत टिकतो. एप्रिल-मेच्या उन्हात साठवलेल्या अंड्यांतील गर्भ कोंबडी बसण्यापूर्वीच थोडासा वाढून मरतो, तर भर पावसाळ्यात ओल्या जमिनीवर लहान पिल्ले टिकत नाहीत. शिवाय या दिवसांत कोकणात भाताचे आणि देशावर बाजरीचे सांडलेले धान्य खळ्याभोवती मिळते, आणि डिसेंबर-जानेवारीत निघालेले नर आखाडापर्यंत पाच-सहा महिन्यांचे होऊन चांगल्या भावाने विकले जातात.

कोंबडी रात्रीसुद्धा अंड्यांच्या जागेवरच बसू लागली, जवळ गेल्यावर पिसे फुलवून चोच मारू लागली आणि सतत ‘कुडुक-कुडुक’ असा आवाज करू लागली, म्हणजे ती खुडूक, अर्थात अंडी उबवायला तयार, झाली असे समजावे. तरीही लगेच चांगली अंडी तिच्याखाली ठेवू नयेत. एक-दोन जुनी अंडी ठेवून दोन दिवस ती नेटाने बसते का ते पाहावे. पूर्वी पिल्ले नीट सांभाळलेली कोंबडी मिळाली तर तीच निवडावी. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे फक्त अशाच कोंबड्या आहेत त्यांनी एक-दोन गावरान कोंबड्या मुद्दाम राखाव्यात. मात्र सुधारित पक्ष्यांच्या घरच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईबापांइतके उत्पादन देत नाही, हे हिशेबात धरावे.

उबवणीसाठीची अंडी दर आठ-दहा माद्यांमागे एक तगडा नर असलेल्या कळपातीलच घ्यावीत. ती हिवाळ्यातही सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, फार मोठी, फार लहान, तडकलेली किंवा खरखरीत कवचाची नसावीत आणि धुतलेली तर मुळीच नसावीत, कारण धुण्याने कवचावरचा संरक्षक थर निघून जातो आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. तोवर ती निमुळते टोक खाली करून, माठाशेजारच्या गारव्यात ठेवावीत. मध्यम अंगाच्या कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरतात. हाव धरून अठरा-वीस अंडी ठेवली तर कडेची अंडी आळीपाळीने गार पडतात आणि शेवटी बारासुद्धा पिल्ले हाती लागत नाहीत.

रवणीची जागा इतर कोंबड्यांच्या वर्दळीपासून दूर, अंधारी आणि उंदीर-घुशी पोहोचणार नाहीत अशी असावी. पसरट टोपलीत दोन-तीन बोटे कोरडी माती घालून मध्ये थोडा खोलगटपणा ठेवावा आणि वर पेंढा व कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरावा. कोंबडीच्या अंगावरील उवा व पिसवांकडे मात्र डोळेझाक करू नये. रक्त पिणाऱ्या किड्यांनी हैराण झालेली कोंबडी मधूनच उठून जाते आणि अख्खी रवण वाया जाते. म्हणून बसवण्यापूर्वी काही दिवस तिला राखेत मनसोक्त लोळू द्यावे. बसवण्याचे काम रात्री करावे, आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने नंतर घातलेले अंडे ओळखून काढता येते.

पुढचे एकवीस दिवस अंडी फिरवणे, ऊब कमी-जास्त करणे हे सगळे कोंबडीच करते. पालकाने जवळ ज्वारी किंवा मका आणि स्वच्छ पाणी ठेवावे. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. उठतच नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवावे, पण उचलण्यापूर्वी पंखाखाली एखादे अंडे अडकले नाही ना, ते चाचपून पाहावे. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या बॅटरीपुढे अंडे धरले असता आत लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ वाढत आहे. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर ते वांझ समजून काढून टाकावे. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण आत मेलेले अंडे सडून फुटले तर शेजारची अंडीही खराब होतात. एकविसाव्या दिवसाच्या आसपास आतून कवचाला टोचे पडू लागल्यावर कवच सोलून पिल्लाला मदत करण्याचा मोह टाळावा. टोचा पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला एक दिवसही लागू शकतो, आणि पोटातील बलकावर ते दोन दिवस तग धरते.

खरी हानी होते ती यानंतरच्या महिनाभरात. पहिले तीन-चार आठवडे पिल्ले आईसह डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) किंवा जाळीच्या आत ठेवावीत, नाहीतर घार, कावळा, मांजर आणि मुंगूस रोज एकेक उचलतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्ले जगतात, पण वाढत नाहीत. म्हणून मक्याच्या भरड्यात शेंगदाण्याची पेंड, मीठ न लावलेला सुका जवळा कुटून किंवा उपलब्ध असल्यास वाळवी द्यावी. आई हे खाद्य आधी फस्त करते, तेव्हा विटांवर किंचित उचललेल्या डालग्याखाली ते ठेवावे, म्हणजे पिल्ले आत शिरतात आणि कोंबडी बाहेर राहते. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे टाकावेत. जमीन ओली राहिली तर रक्ती हगवण लागते, म्हणून खाली अंथरलेले तूस वेळोवेळी बदलावे. खुराड्याची वाऱ्याकडची बाजू रात्री गोणपाटाने झाकावी, पण वरचा झरोका मोकळा ठेवावा.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टाळणे हे या व्यवसायातील सर्वांत महागडे काटकसरीचे उदाहरण आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरील लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात तीच पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा मिसळल्यावर बर्फात ठेवूनही सुमारे दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी आपापल्या कोंबड्या एकाच आठवड्यात रवणीला बसवाव्यात. असे केल्यास आणखी एक सोय होते. एखाद्या कोंबडीची चारच पिल्ले निघाली, तर ती एक-दोन दिवसांची असतानाच रात्री दुसरीच्या पंखाखाली सरकवता येतात, आणि मोकळी झालेली कोंबडी लवकर अंड्यावर येते. उरलेल्या मातांपासूनही पिल्ले सहाव्या आठवड्याच्या सुमारास वेगळी केली, तर शिमग्यापूर्वी त्या पुन्हा अंडी देऊ लागतात.